बंगळूर की म्हैसूर? बागा, बाजार आणि चार दिवसांची सुट्टी

चार दिवस हाताशी, सोबत आई-बाबा, आणि घरात दोन तट: एकाला बागा हव्यात, दुसऱ्याला साड्या. दोन्ही शहरांत दोन्ही मिळतं. फरक पडतो तो बागेतून बाजारात पोचायला किती वेळ जातो, यात.

झाडांच्या बाबतीत बंगळूरला तोड नाही. लालबाग हैदर अलीने १७६० मध्ये लावायला घेतली, टिपूने वाढवली. आज ती २४० एकर आहे. काचघरासमोर फोटो काढून लोक परत फिरतात, तसं करू नका. आतल्या जुन्या पांढऱ्या सावरीपर्यंत जा. तिची मुळं भिंतींसारखी जमिनीतून वर आली आहेत. पुढे सुमारे तीनशे कोटी वर्षांचा खडक, त्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा बुरूज. सकाळी लवकर जावं, म्हणजे फिरून झाल्यावर जवळच १९२४ पासूनच्या ‘एमटीआर’मध्ये रवा इडलीसाठी रांग लावायला पोटात जागा असते. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास मात्र पुष्पप्रदर्शन असतं. तेव्हा फुलांपेक्षा माणसांची डोकीच जास्त दिसतात.

बंगळूरच्या ट्रॅफिकबद्दल जे ऐकलंय ते खरं आहे. उपाय एकच: मेट्रोच्या हिरव्या मार्गालगत हॉटेल घ्या. रेशमासाठी चिकपेट, फुलांसाठी के. आर. मार्केट, मग लालबाग आणि फुटकळ खरेदीसाठी जयनगर, सगळं याच मार्गावर. कब्बन पार्कला जायचं तर मॅजेस्टिकला गाडी बदलायची. चिकपेटात गल्ल्या अरुंद, दुकानं माडीवर. गुडघे दुखणाऱ्यांना जिने चढवू नका.

म्हैसूरची सगळी मजा तिथल्या बेतशीर आकारात आहे. राजवाडा, देवराज मार्केट, १८९२ चं प्राणिसंग्रहालय, कारंजी तलाव, सगळं रिक्षाच्या टप्प्यात. देवराज मार्केटमध्ये मोगरा आपल्यासारखा नगावर नाही, हातावर मिळतो: फुलवाला कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत माळ ताणतो, तो एक हात. शेजारी कुंकवाचे रंगीत ढीग आणि नंजनगूडची रसबाळे केळी. म्हैसूर सिल्क घ्यायचं तर केएसआयसी या सरकारी रेशीम महामंडळाच्या दुकानातूनच. घासाघीस होत नाही, पण जरीकाम अस्सल असतं. बाहेर ‘तसंच’ म्हणून दाखवतात ते तसंच नसतं.

वृंदावन गार्डनला मात्र भाव जरा जास्तच मिळतो. कारंजी अंधार पडल्यावर, परतीचा रस्ता रात्रीचा, बाबांची झोपेची वेळ टळलेली. त्यापेक्षा रंगनथिट्टूच्या पक्षी अभयारण्यात होडीतून फिरा. खडकावर मगर दगडासारखी पडलेली असते, डोक्यावर करकोच्यांची ये-जा.

माझं मत विचाराल तर आई-बाबा सोबत असतील तर मुक्काम म्हैसूरलाच. नुसते मित्र असाल, किंवा घरात एक जण तरी झाडांची नावं लिहून घेणारा असेल, तर बंगळूर. मुंबई-पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस बंगळूरपर्यंतच जाते. पुढे म्हैसूरला दुसरी गाडी घ्यावी लागते, ते दोन-तीन तास हिशेबात धरा. रविवारी संध्याकाळी म्हैसूरलाच असा, राजवाड्यावर दिवे लागतात. आणि प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे तिकिटं काढण्याआधी बघा. आम्ही बंद फाटक बघून आलोय.