आईचा बटणांचा फोन : आठ महिन्यांनंतर

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा आईसाठी साधा बटणांचा फोन घेतला. आता जानेवारी संपत आलाय. एक पावसाळा, एक गणपती आणि तीन रिचार्ज एवढं त्या फोनने पाहिलंय, म्हणून आता लिहायला हरकत नाही. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. हे फोन वर्षभरात दुकानातून गायब होतात आणि तसाच दिसणारा दुसरा येतो. चोवीसशे रुपयांना पडला. फोर-जी, दोन सिम, निघणारी बॅटरी, वर टॉर्च.

आई ७८ वर्षांची, देवरुखजवळच्या वाडीत एकटी राहते. डाव्या कानाला यंत्र आहे. मराठी छान वाचते, इंग्रजीतले फक्त आकडे ओळखते.

त्याआधी वर्षभर तिच्याकडे माझा जुना स्मार्टफोन होता. ‘व्हिडिओ कॉल करता येईल’ हे माझं म्हणणं, तिचं नव्हे. आयुष्यभर भांडी घासून आणि मातीत काम करून बोटांची टोकं कोरडी खरखरीत झालेली. काचेला ती बोटं कळायचीच नाहीत. फोन वाजला की हिरवं चिन्ह दाबायचं नसतं, वर सरकवायचं असतं, हे मी तिला किती वेळा सांगितलं असेल! ‘‘दाबत्येय रे, पण तो घेतच नाही,’’ हे तिचं नेहमीचं. एकदा चुकून विमानाचं चिन्ह दाबलं गेलं आणि दोन दिवस फोन बंद. शेवटी चुलतभावाला घरी पाठवला, तर आई पडवीत निवांत कोकमं वाळत घालत होती.

दुकानात गेल्यावर पहिला घोळ नेटवर्कचा. दुकानदाराने बाराशेचा टू-जी फोन पुढे केला. आमच्या वाडीत रेंज येते ती जिओची, आणि जिओचं टू-जी जाळंच नाही. म्हणजे तो फोन घरी नेऊन फक्त टॉर्च म्हणून वापरायचा. जिओचा स्वतःचा जिओभारत फोन २०२३च्या जुलैत ९९९ रुपयांना आला होता, तोही पाहिला. पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही, आणि उद्या वाडीत दुसरा टॉवर लागला तर? म्हणून थोडे पैसे जास्त घातले. तुम्ही घेणार असाल तर घरच्या सिमवरून त्याच फोनवर, दुकानातच, एक कॉल लावून बघा. खोक्यावर काय लिहिलंय ते नंतर.

फोर-जीचा आणखी एक फायदा मला ठाऊकच नव्हता. टू-जी फोन कानाच्या यंत्राजवळ नेला की आत भुंगा शिरल्यासारखी टर्रटर्र येते. टू-जीचा रेडिओ सेकंदाला २१७ वेळा चालू-बंद होत असतो, तेच यंत्रात ऐकू येतं. आईचा फार पूर्वीचा बटणांचा फोन याच कारणाने कपाटात पडला होता आणि आम्ही समजत होतो यंत्र बिघडलंय. नव्या फोनवर ती टर्रटर्र जवळजवळ गेली. शिवाय यंत्र बसवणाऱ्या बाईंनी एक गोष्ट दाखवली : कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या कडेला असतो, तेव्हा फोन भोकावर न धरता थोडा वर धरायचा. आता आई फोन असा काही धरते की लांबून बघणाऱ्याला वाटावं, डोकं खाजवतेय.

स्पीड डायल लावताना मी एक चूक केली. २ वर मी, ३ वर ताई, ४ वर शेजारच्या वहिनी, ५ वर डॉक्टर. ५च्या बटणावर उंचवटा असतो, अंधारातही सापडेल असा हिशेब. पण आपल्याकडे २०१७पासून विकल्या जाणाऱ्या साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ या आणीबाणीच्या नंबरला फोन लागण्याची सोय असावी, असा सरकारी नियम आहे. आईचं पाठीचं दुखणं उठलं, तिने डॉक्टरांसाठी ५ दाबून धरला आणि पलीकडून पोलिसांचा आवाज. ‘‘आजी, काय झालं?’’ म्हटल्यावर हिने कंबरेपासून सुरुवात केली. त्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं, हे विशेष. डॉक्टर आता ६ वर आहेत, आणि ५ कशाला ते तिला पक्कं ठाऊक आहे.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जुलैत एकदा झाड पडून अडीच दिवस लाईट नव्हती. फोन तिसऱ्या दिवशीही जिवंत. एरवी चार-साडेचार दिवसांनी चार्ज करते. चार्जिंगची पिन मात्र जुन्या पद्धतीची, उलटी घातली तर जात नाही आणि जोर केला तर भोक बिघडतं. आईने स्वतःच तोडगा काढला : पिनेवर एक टिकली, फोनवर एक टिकली, दोन्ही टिकल्या समोर आल्या की घालायची. माझ्या डोक्यात नसतं आलं.

तक्रारी आहेतच. # दाबून धरलं की फोन मुका होतो, आणि बटव्यात कोंबताना ते हमखास दाबलं जातं. टॉर्चचंही तेच. बटणं लॉक करायची सवय लागायला दोन महिने गेले. मराठी मेनूचं भाषांतर असं आहे की मलाच इंग्रजी आठवून अर्थ लावावा लागतो. पण नावं देवनागरीत साठवता येतात, तेवढं पुरतं. मेसेजची पेटी लहान. जाहिरातींनी ती भरली आणि सिलिंडरचा कोड आलाच नाही; गॅसवाला दारात, ‘‘काकी, कोड सांगा,’’ आणि काकी नुसत्या बघतायत. मग १९०९वर ‘स्टार्ट ०’ असा मेसेज पाठवून जाहिराती बंद केल्या. तरी कंपनीचे स्वतःचे मेसेज येतात, म्हणून दर भेटीत पेटी रिकामी करणं हे माझं काम.

रिचार्जचं म्हणाल तर, ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२४मध्ये सांगितल्यावर फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे, नेट नसलेले पॅक आले. ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास. दुकानदार आपणहून दाखवत नाही, मागावा लागतो.

व्हिडिओ गेला, ही खरी उणीव. नातीचा पहिला दात आईने महिन्याने पाहिला, तोही वहिनींच्या फोनवर. आता रविवारी वहिनी येऊन बसतात आणि पंधरा मिनिटं सगळ्यांची तोंडं दाखवतात. तुमच्या आईला व्हॉट्सअॅप जमत असेल तर तिच्या हातातला फोन काढून हे डबडं देऊ नका, ती तुम्हाला माफ करणार नाही.

माझ्या आईला मात्र हाच बरा. पूर्वी मी तिला फोन करायचो. आता संध्याकाळी दिवा लावला की ती २ दाबून धरते, आणि बोलणं संपलं की माझ्या आधी लाल बटण दाबते. बॅटरी थोडी फुगल्यासारखी वाटतेय असं परवा म्हणाली. फुगलेली बॅटरी वापरणं धोक्याचं, म्हणून नवी लगेच पाठवतोय. तोवर फोन चार्जिंगला लावूच नकोस म्हणून सांगितलंय.