एक रात्र धरणाकाठी: पवना की भंडारदरा?

पुण्यातून निघून एक रात्र पाण्याकाठी तंबूत काढायची म्हटलं की पहिलं नाव पवनेचं येतं. आम्हीही सलग तीन हिवाळे तिथेच गेलो. गेली दोन वर्षं मात्र भंडारदऱ्याला जातो. कुणी विचारलं तर जे सांगतो, तेच इथे लिहितो.

सोयीत पवनेला तोड नाही. दोन तासांत काठावर. समोर तुंग, एका अंगाला तिकोना, पलीकडे लोहगड-विसापूर. सकाळी तिकोना करून संध्याकाळच्या आत घरी. मूल लहान असेल आणि तंबूची पहिलीच वेळ असेल, तर हे फार मोलाचं आहे. भंडारदऱ्याला संगमनेर, अकोले, राजूर करत साडेचार-पाच तास सहज जातात. राजूरच्या पुढच्या वळणांवर आमच्या धाकटीला हटकून मळमळतं.

तरीही बदललं ते आवाजामुळे. शेवटच्या वेळी मुद्दाम लहानसा कॅम्प निवडला होता. मालक शब्दाला पक्के, ठरल्याप्रमाणे बरोबर दहाला त्यांनी स्पीकर बंद केला. शेकोटी विझली आणि पलीकडच्या काठावरचं गाणं ऐकू यायला लागलं, अगदी शब्दन् शब्द. रात्री पाण्यालगतची हवा गार आणि तिच्यावरची थोडी उबदार असते. त्यामुळे आवाज वर विरून न जाता पुन्हा खाली वळतो आणि पाण्यावरून लांब जातो. म्हणजे आपला काठ कितीही शांत निवडा, समोरच्याचं ऐकावंच लागतं. पहाटे दोनला पाहिलं तर आई शाल गुंडाळून तंबूच्या तोंडाशी बसलेली. "घरी निदान झोप तरी लागली असती रे," एवढंच म्हणाली. ते फार लागलं मला.

हे शनिवारचं झालं. एकदा बुधवारी गेलो होतो, तेव्हा बरीच शांतता होती.

भंडारदऱ्यालाही धरणाजवळच्या शेंडी गावाच्या बाजूला सुट्टीत गर्दी असतेच. आम्ही जलाशयाच्या पार शेवटाला, रतनवाडीला जातो. रात्री एखादी टिटवी ओरडते, गोठ्यातली घंटा वाजते, बस. उजाडताना पाण्यावर धुकं असतं. गावातल्या मावशी चुलीवरची नागलीची भाकरी थेट हातावर ठेवतात. वर पिठलं आणि खरडा. मग अमृतेश्वराचं देऊळ, शेजारची पुष्करणी आणि डोक्यावर रतनगड. ज्या प्रवरेवर 1926 साली हे धरण पुरं झालं, तिचा उगम याच गडाचा. धाकटीला ते सांगितलं, तर ती ओंजळभर पाणी घेऊन बराच वेळ वर बघत राहिली.

डिसेंबरात थंडी कडक असते. रजई मागून घ्या. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे पाणी आटतं. भंडारदऱ्याचं शेतीच्या आवर्तनांना जातं, पवनेचं पिंपरी-चिंचवडच्या नळांना. मग तंबूपासून पाण्यापर्यंत भेगाळलेला गाळ तुडवत जावं लागतं. मेअखेरीच्या काजव्यांसाठी भंडारदराच, पण शनिवार-रविवार टाळून. आणि दोन्हीकडे पोहायला उतरू नका. काठ एकदम खोल होतो आणि पाय गाळात रुततो.

वेळ एकच दिवसाचा असेल किंवा मूल फार लहान असेल, तर पवना, तेही मधल्या वारी. दीड-दोन दिवस काढता येत असतील, तर मला वाटतं पाच तासांचा रस्ता सोसावा. मावशींना आम्ही यंदाच्या डिसेंबरचं सांगून ठेवलंय. आईनेच आठवण केली.