भाड्याचं घर शोधायचं अ‍ॅप: घर साठीपुढच्या माणसासाठी हवं असेल तर आधी हे वाचा

रेटिंग ५ पैकी २. अ‍ॅपचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण अशी बाकीची अ‍ॅप पण वापरून बघितली आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच आहे.

मावशीसाठी घर शोधत होते. सत्तरी पार केलेली, एकटी राहणारी बाई, पेन्शन ठरल्या तारखेला बँकेत जमा होते, आधीच्या घरात कितीतरी वर्षं राहिली आणि एकदाही भाडं थकवलं नाही, मालकाने घर विकायला काढलं म्हणून बाहेर पडावं लागलं एवढंच.

आधी चांगलं सांगते. नकाशावर घरं व्यवस्थित दिसतात, फोटो बहुतेक खरे निघाले, कितवा मजला आणि लिफ्ट आहे का हे फिल्टर लावून बघता येतं. अक्षर मोठं केलं तरी स्क्रीन बिघडत नाही त्यामुळे मावशी स्वतः बसून घरं निवडत होती, आणि हे ज्याने कोणी बनवलं त्याचं खरंच कौतुक आहे.

आता फॉर्म. नाव टाकलं की लगेच जन्मतारीख, बजेट आणि एरिया नंतर. पुढे 'काय करता' मध्ये नोकरी, व्यवसाय, विद्यार्थी आणि इतर एवढेच पर्याय, निवृत्त नाहीच. इतर निवडलं तरी सॅलरी स्लिप मागतात आणि पेन्शनचा कागद अपलोड केला तर प्रोफाइल 'अपूर्ण' दाखवत राहतं. पगार उद्या बंद होऊ शकतो, पेन्शन सहसा नाही होत, आणि तरी अ‍ॅपच्या हिशोबात पगारवाला भरवशाचा आणि पेन्शनवाली अपूर्ण! कस्टमर केअरला फोन केला, समोरची मुलगी खूप नीट बोलली, तक्रार पण नोंदवली, पण तिने सुचवलं काय तर प्रोफाइल आणि अ‍ॅग्रीमेंट घरातल्या कमावत्या माणसाच्या नावाने करा. हे प्लीज करू नका. राहणाऱ्या माणसाचं नाव अ‍ॅग्रीमेंटवर नसेल तर उद्या मालकाने सामान काढा म्हटलं की त्या माणसाच्या हातात काहीच कागद नसतो.

प्रोफाइल कसंबसं पूर्ण झालं तर मालकांकडून उत्तरच येईना. वय जास्त आहे म्हणून नाही असं तोंडावर कोणी म्हणत नाही, म्हणतात घर आत्ताच गेलं, आणि तेच घर पुढचे कित्येक दिवस लिस्टिंगमध्ये तसंच. त्यातल्याच एका घराला मी माझ्या प्रोफाइलवरून मेसेज टाकला तर लगेच उत्तर, कधी येताय बघायला. मावशीला हे सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण तिला आधीच कळलं होतं.

एका मालकाने मात्र सरळ विचारलं, आजींना रात्री काही झालं तर आम्ही कुठे धावायचं? मला हा माणूस परवडला, कारण या प्रश्नाला उत्तर आहे. जवळच्या नातेवाइकांचे दोन नंबर, डॉक्टरचा नंबर, रोज ठरलेल्या वेळी एक फोन, एवढं लिहून देता येतं. जपानमध्ये एकट्या वृद्ध भाडेकरूचा घरात मृत्यू होईल या भीतीने मालक इतके नकार द्यायचे की २००७ मध्ये अशा लोकांच्या घरांसाठी कायदा आला आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वृद्धांना नकार न देणाऱ्या घरांची सरकारी नोंदणी सुरू झाली. म्हणजे मालकाची भीती खरी धरूनही मार्ग निघतो. अ‍ॅपमध्ये मात्र हे सगळं बोलायला जागाच नाही, तिथे मालकाला फक्त वयाचा आकडा दिसतो आणि तो पुढच्या प्रोफाइलवर जातो.

अजून एक. जन्मतारीख टाकल्यापासून अ‍ॅप वृद्धाश्रम आणि सीनियर लिव्हिंगच्या जाहिराती दाखवायला लागलं. ज्यांना तिथे जायचंय त्यांनी जरूर जावं, पण मावशीला स्वतःचं स्वयंपाकघर आणि स्वतःची किल्ली पाहिजे, तिने शोधलं पण तेच होतं.

मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये वयावरून होणारा भेदभाव लोकांसमोर मांडला तेव्हा प्रकरण घरांचंच होतं, वॉशिंग्टनजवळ एका इमारतीत वृद्धांसाठी घरं करायला आजूबाजूचे लोक विरोध करत होते. इतकी वर्षं झाली तरी कायदे याबाबतीत ढिलेच आहेत. अमेरिकेच्या १९६८ च्या घरांबाबतच्या भेदभावविरोधी कायद्यात वंश, धर्म आहेत, नंतर लिंग आणि अपंगत्व आलं, पण वय त्या यादीत नाहीच. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वय आहे, पण घरं भाड्याने किंवा विकत देण्याच्या भागातून तेवढं वगळलंय. फ्रान्सचा १९८९ चा कायदा मला जास्त पटतो, ६५ च्या पुढच्या कमी उत्पन्नाच्या भाडेकरूला करार संपला म्हणून काढायचं असेल तर काही अपवाद सोडता मालकाने दुसरी परवडणारी जागा दाखवावी लागते.

आणि हे फक्त भाड्यापुरतं नाहीये. पन्नाशीनंतर नोकरी गेली की दुसरी मिळत नाही, गृहकर्ज मागायला गेलं तर वय बघून मुदत इतकी कमी करतात की हप्ता झेपत नाही, म्हणून माणूस भाड्यावरच राहतो, आणि सत्तरीत तिथूनही निघावं लागलं तर नवीन मालक वय बघून गप्प. मग उरतं काय, तर तोंडी बोलीवरची खोली. तिथे नळ गळतोय हे सांगायचीही भीती, कारण मालक म्हणेल मग दुसरीकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दर दोन माणसांमागे एकाच्या मनात वृद्धांबद्दल असे पूर्वग्रह आहेत. तेव्हा एकट्या मालकांना दोष देऊन भागणार नाही, पण निदान अ‍ॅपने तरी आधी वय पुढे करू नये ना! भाडं भरता येईल का आणि आधीच्या मालकाशी कसं पटलं एवढं दाखवा, जन्मतारीख अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी ओळखपत्रावर येणारच आहे.

तरीही वापरणार असाल तर घरं शोधायला वापरा, अर्ज त्यातून करू नका. घर आवडलं की मालकाला प्रत्यक्ष भेटा, ज्यांना राहायचंय त्यांना सोबत न्या आणि बोलू द्या त्यांनाच. पेन्शन जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि जुन्या मालकाचं पत्र पहिल्याच भेटीत दाखवा. अ‍ॅग्रीमेंट राहणाऱ्याच्याच नावाने आणि जमेल तितक्या लांब मुदतीचं मागा. नळ, लाइट, बाथरूममधला आधाराचा दांडा, यातलं काय कोण करणार तेही त्यात लिहून घ्या.

मावशी सध्या माझ्याकडे आहे आणि शोध चालू आहे. फॉर्ममध्ये निवृत्त हा पर्याय टाकू असं अ‍ॅपवाल्यांनी ईमेलवर कळवलंय, तो आला आणि पेन्शनचा कागद चालला तर एक स्टार वाढवेन. जन्मतारीख पहिल्या पानावरून काढली तर अजून एक.