प्री-मेडच्या नावाखाली आमचे ९,५०० डॉलर गेले, ज्यांची मुलं हायस्कूलला आहेत त्यांनी वाचा

इकडे न्यूजर्सीत ज्यांची मुलं हायस्कूलला आहेत आणि पुढे डॉक्टर व्हायचं म्हणतायत त्यांनी हे कृपया पूर्ण वाचा. आमच्या लेकीच्या ॲडमिशनसाठी म्हणून एका प्रायव्हेट कॉलेज काउन्सेलरने आमच्याकडून ९,५०० डॉलर घेतले आणि जे हातात दिलं ते सगळं खोटं निघालं. तक्रार चालू आहे म्हणून त्याचं नाव लिहीत नाही, पण पद्धत सगळी लिहिते, कारण हीच पद्धत वापरणारे एडिसन-इसेलिन पट्ट्यात अजून आहेत.

सुरुवात फुकट सेमिनारने झाली, बँक्वेट हॉल, चहा-समोसे, स्क्रीनवर पांढरे कोट घातलेली मुलं. त्याचं पहिलंच वाक्य असं की चांगला जीपीए (शाळेच्या ग्रेडची सरासरी) आणि एसएटी या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १५५० तर इथे बसलेल्या प्रत्येकाच्या मुलाकडे आहे, मग तुमचं मूल वेगळं कसं दिसणार? हे खरं आहे आणि म्हणूनच ते थेट काळजाला लागतं. हार्वर्डसारख्या ठिकाणी शंभरात चारेक मुलं घेतात, ब्राउनचा पीएलएमई म्हणून आठ वर्षांचा प्रोग्रॅम आहे जिथे हायस्कूलमधूनच मेडिकल स्कूलची जागा मिळते, तिथे तर त्याहून कमी. आपण आईवडील बारावीचे मार्क आणि एंट्रन्स यावर वाढलेलो, मेरिट लिस्ट लागली की विषय संपला. इथे मार्कांबरोबर निबंध, ॲक्टिव्हिटी, शिक्षकांची पत्रं असं सगळं बघतात आणि नेमकं कशामुळे घेतलं किंवा नाकारलं ते कोणी सांगत नाही. ज्याचा थांगपत्ता लागत नाही ते विकणं फार सोपं असतं, आणि हा माणूस नेमकं तेच विकत होता. वर 'माझे आतमध्ये कॉन्टॅक्ट आहेत' हे हळू आवाजात सांगायचं, म्हणजे गावाकडच्या मॅनेजमेंट कोट्याची सवय असलेल्या माणसाला ते खरं वाटतं.

पहिली थाप 'प्री-मेड ट्रॅक ॲप्लिकेशन'ची, त्याचे वेगळे १,२०० डॉलर. अशी वेगळी ॲप्लिकेशन बहुतेक कॉलेजांत नसतेच! प्री-मेड ही डिग्रीही नाही आणि मेजरही नाही, मूल इतिहास घेऊ दे नाहीतर संगीत घेऊ दे, बायॉलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री असे मेडिकल स्कूलला लागणारे कोर्स केले, एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली की पुढे मेडिकलला अर्ज करता येतो. बीएस-एमडी, म्हणजे पदवी आणि मेडिकल एकत्र असलेल्या, प्रोग्रॅमचे अर्ज तेवढे वेगळे असतात, पण आमच्या कॉलेजांच्या यादीत त्याने एकही बीएस-एमडी टाकला नव्हता, आणि पैसे मात्र त्या नावावर घेतले.

पण मुख्य फसवणूक रिसर्च पेपरची. 'तुमच्या मुलीचं नाव इंटरनॅशनल जर्नलमध्ये येणार, ॲडमिशनवाले तिथेच थांबतात' असं सांगून पॅकेजचा सगळ्यात मोठा भाग त्याने ह्यासाठी घेतला. झूमवर एक मेंटॉर यायचा, पीएचडी म्हणे, कॅमेरा कायम बंद. विषय डायबेटिस आणि मशीन लर्निंग. लेकीने विचारलं की डेटा कुठून आणायचा, मला स्टॅटिस्टिक्स शिकवाल का, तर उत्तर आलं की तू त्यात पडू नकोस, ड्राफ्ट येईल, तू फक्त भाषा तुझी कर. ड्राफ्ट आला तो पूर्ण तयार, आकृत्यांसकट. जर्नलकडे शुक्रवारी पाठवला आणि सोमवारी ॲक्सेप्ट होऊन आला, रिव्ह्यूअरचा शेरा काय तर 'चांगला पेपर, स्वीकारावा', बस्स, त्याच्या खाली पैसे भरायची लिंक. छापून आला त्यात आमचं आडनावसुद्धा चुकीचं.

आमच्या ओळखीतले एक लहान मुलांचे डॉक्टर आहेत, लेक त्यांना काका म्हणते, ऑक्टोबरमध्ये ते जेवायला आले तेव्हा तिने कौतुकाने त्यांना पेपर दाखवला. त्यांनी शांतपणे वाचला आणि दुसऱ्या टेबलवर बोट ठेवलं. पुरुष पेशंट अधिक बायका पेशंट यांची बेरीज एकूण पेशंटपेक्षा जास्त येत होती. मग त्यांनी विचारलं, "बाळा, कंट्रोल ग्रुपमध्ये, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटात, कोण होतं ग?" ती गप्प. थोड्या वेळाने म्हणाली, "काका, हे मी लिहिलेलंच नाही, मला विचारायचं होतं पण ते म्हणाले सगळे असंच करतात." आणि रडायलाच लागली. सतरा वर्षांच्या प्रामाणिक पोरीला खोट्यावर सही करायला लावायची आणि वर त्यालाच रिसर्च म्हणायचं, ह्याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे.

नंतर डॉक्टरांनीच समजावलं की हा धंदा किती मोठा आहे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांवर इथे कारवाईसुद्धा झालीय, २०१९ मध्ये हैदराबादच्या ओमिक्स ग्रुपविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशनच्या केसमध्ये कोर्टाने ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायचा आदेश दिला. २०२३ मध्ये प्रोपब्लिका या इथल्या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने हायस्कूलच्या मुलांचे पैसे देऊन छापलेले पेपर या विषयावर सविस्तर बातमी केली, म्हणजे ॲडमिशन ऑफिसांना हा प्रकार माहीत नाही अशातला भाग नाही. आणि कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र अर्ज करायच्या वेबसाइटवर, शेवटी मुलाला सही करावी लागते की दिलेली माहिती खरी आहे आणि काम माझं स्वतःचं आहे. खोटं निघालं तर मिळालेली ॲडमिशनसुद्धा काढून घेऊ शकतात. काउन्सेलरचं काही जात नाही, जातं ते मुलाचं.

आता जे मला सगळ्यात लागलं ते सांगते. लेक नववीपासून दर शनिवारी जवळच्या एका ॲडल्ट डे केअरमध्ये जाते, तिथे आपल्याकडचे खूप आजी-आजोबा असतात. तिथे एका आजींच्या गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या होत्या, एकदा त्यांनी स्वतः घेतल्या आणि एकदा सुनेने दिल्या. तेव्हापासून हिने मोठ्या अक्षरात तक्ते करायला घेतले, सकाळ-दुपार-रात्र अशा रकान्यांत गोळीचा रंग आणि आकार काढलेला, नर्सकडून तपासून घ्यायची आणि मग फ्रिजवर लावायला द्यायची. पहिल्या तक्त्यात दोन पांढऱ्या गोळ्या सारख्याच दिसत होत्या म्हणून आजोबा गोंधळले, तर तिने सगळे तक्ते पुन्हा नव्याने बनवले. हे त्या काउन्सेलरने अर्जातल्या ॲक्टिव्हिटींच्या यादीतून काढायला लावलं होतं! 'व्हॉलंटियरिंग सगळेच करतात, म्हाताऱ्यांनी कोणी इम्प्रेस होत नाही.' कॉमन ॲपमध्ये दहा ॲक्टिव्हिटी लिहिता येतात, एकेकीच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं, त्यात खरी गोष्ट बाहेर आणि बनावट पेपर पहिल्या नंबरवर. आम्ही डेडलाइनच्या आधी पेपर काढून टाकला, मेन एसे त्या सारख्या दिसणाऱ्या गोळ्यांवर तिने स्वतः लिहिला, शाळेच्या गाइडन्स काउन्सेलर बाईंनी फुकट वाचून दिला, आणि त्या म्हणाल्या की आता मला ही मुलगी दिसते.

पैशांचं. कॉन्ट्रॅक्टमध्ये '१०० टक्के गॅरंटी, नाहीतर पैसे परत' असं ठळक अक्षरात होतं. मेख अशी की गॅरंटी 'यादीतल्या कुठल्याही एका कॉलेजची' आणि यादी तोच बनवणार, त्यात बहुतेक सगळ्यांना घेणारी दोन-तीन कॉलेजं घातलेली. म्हणजे तिथे ॲडमिशन मिळाली की गॅरंटी पूर्ण. शिवाय 'पोर्टल चालू केल्यानंतर रिफंड नाही' अशी बारीक अक्षरातली ओळ, आणि पोर्टल त्याने सही झाल्या झाल्या स्वतःच चालू केलं होतं. आम्ही जाब विचारल्यावर आधी गोड बोलला, मग फोन उचलायचं बंद केलं. इथल्या स्वतंत्र काउन्सेलरांची आयईसीए म्हणून संघटना आहे, तिच्या नियमांतच आहे की सभासदाने ॲडमिशनची हमी द्यायची नाही. गॅरंटी हा शब्द आला की तिथूनच उठा.

आमचे पहिले ३,००० क्रेडिट कार्डावर होते, कार्ड कंपनीकडे डिस्प्यूट (पैसे परत मिळण्यासाठी तक्रार) टाकला, मेंटॉरचे मेसेज आणि पेपरचा तयार ड्राफ्ट जोडला, ते परत मिळाले. उरलेले ६,५०० 'प्रोसेसिंग फी वाचते' म्हणून त्याने झेलवर (बँकेतून थेट पैसे पाठवायची इथली सेवा) मागितले होते, ते गेले. झेलने आपण स्वतःहून पाठवलेले पैसे बँक सहसा परत आणून देत नाही, त्यामुळे कोणी कार्ड नको झेल करा म्हणालं तर करू नका.

मुलाला खरंच काही करायचं असेल तर फी न घेणाऱ्या चांगल्या जागा आहेत. एमआयटीत होणाऱ्या आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) या उन्हाळी प्रोग्रॅममध्ये शिकवणं, राहणं, खाणं फुकट असतं, आपल्या न्यूजर्सीच्या मुलांसाठी ड्रू युनिव्हर्सिटीत गव्हर्नर्स स्कूल इन द सायन्सेस आहे, त्यालाही ट्यूशन नाही. तिथे निवड कडक आहे, नाही झाली तरी गावातला फर्स्ट एड स्क्वॉड असतो, नर्सिंग होम असतं. मोठ्या युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसवर भरणारे महागडे समर कॅम्प मात्र नीट बघा, पुष्कळ वेळा बाहेरची कंपनी फक्त खोल्या भाड्याने घेते आणि युनिव्हर्सिटीचा त्याच्याशी तेवढाच संबंध असतो. आणि परदेशात नेऊन मुलांना इंजेक्शन द्यायला, टाके घालायला देणाऱ्या ट्रिपा विकतात त्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका. शिक्षण नसलेल्या मुलाने पेशंटला हात लावणं धोक्याचं आहे, मेडिकल स्कूलांची जी एएएमसी संघटना आहे तिनेसुद्धा ह्याबद्दल विद्यार्थ्यांना सावध केलेलं आहे.

आम्ही न्यूजर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे तक्रार दिली आहे आणि फेडरल ट्रेड कमिशनच्या (एफटीसी) वेबसाइटवरही नोंदवली आहे. एफटीसी एकेकाचे पैसे काढून देत नाही, पण एकाच माणसाविरुद्ध बऱ्याच तक्रारी जमल्या तर हलते, म्हणून ज्यांना असाच तयार पेपर मिळालाय त्यांनी लाजू नका, मूल अडचणीत येईल अशी भीती वाटत असेल तर आधी अर्जातून तो पेपर काढा आणि मग तक्रार करा. कॉन्ट्रॅक्टची कॉपी, झेलच्या पावत्या, जर्नलची ईमेल आणि सेमिनारचं पॅम्फ्लेट जपून ठेवा, आमच्याकडे पॅम्फ्लेट नव्हतं, कोणाकडे असेल तर मला कळवा.