क्रिटात चित्र, ओपनटून्झमध्ये हालचाल: काही महिने वापरल्यावर

फुकटातल्या दोन सॉफ्टवेअरांवर घरबसल्या कार्टून होतं का? होतं. क्रिटात लेयर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) पाडून चित्र रंगवायचं आणि ओपनटून्झमध्ये ते हलवायचं, ही माझी गेल्या पावसाळ्यापासूनची पद्धत आहे आणि ती बदलायचा सध्या तरी विचार नाही. फक्त हे डोक्यात ठेवून सुरुवात करा की यात खरा वेळ ॲनिमेशनला लागत नाही, चित्राचे तुकडे पाडायला लागतो. तुकडे नीट पडले असतील तर पुढचं काम हसतखेळत होतं. नसतील तर ओपनटून्झमध्ये कितीही डोकं फोडा, हात खांद्यातून निसटलेलाच दिसणार.

मी नागपुरात चित्रकलेचे वर्ग घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी पोरं जास्त. उरलेल्या वेळात अर्ध्यापाऊण मिनिटाची वऱ्हाडी कार्टूनं करते, व्हॉट्सॲपवर फिरतील अशी. लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅमचा होता, ती बर्डीवरच्या (सीताबर्डीच्या) बाजारातून १६ करून घेतली. पेन टॅब्लेट साधा, बिनस्क्रीनचा.

क्रिटामध्ये ॲनिमेशनची सोय २०१६ सालच्या ३.० आवृत्तीपासून आहेच, मग दुसरं सॉफ्टवेअर कशाला, असं वर्गातल्या मोठ्या पोरांनी विचारलं. क्रिटाचं ॲनिमेशन म्हणजे फ्रेमगणिक हाताने चित्र. ओनियन स्किन लावली की मागचंपुढचं चित्र फिकट दिसतं आणि रेष छान जुळते. पण हिशेब मांडून बघा. सेकंदाला २४ फ्रेम, प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं. चाळीस सेकंदांच्या कार्टूनला ४८०. एकटीने, वर्ग सांभाळून? शिवाय क्रिटा सगळ्या फ्रेम मेमरीत धरतो. १९२० बाय १०८० ची पूर्ण रंगवलेली एक फ्रेम साधारण ८ एमबी. असे पाच लेयर आणि शंभर फ्रेम झाल्या की ४ जीबी खल्लास. रिकामी जागा क्रिटा मोजत नाही म्हणून प्रत्यक्षात कमी लागते, पण ८ जीबीच्या लॅपटॉपचा पंखा कसा ओरडतो ते मला विचारा. तेही मे महिन्यातल्या नागपुरात.

ओपनटून्झची जातकुळी वेगळी. मूळचं टून्झ हे इटलीतल्या डिजिटल व्हिडिओ कंपनीचं. जपानच्या स्टुडिओ जिब्लीने ते आपल्या कामासाठी सुधारून वापरलं. २०१६ च्या मार्चमध्ये ड्वांगो कंपनीने ते सगळ्यांसाठी मोफत आणि खुलं केलं. त्यात चित्राचे सुटे भाग सांध्यांवर जोडता येतात. दोन टोकांच्या स्थिती तुम्ही द्या, मधल्या तो भरतो.

पहिलं नीट जमलेलं कार्टून तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या लहान पोरांच्या पोळ्याचं. विषय निवडताना मी चलाखी केली, ती सांगून टाकते: तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडी असतो आणि त्याला चाकं असतात. चार पायांच्या जनावराची चाल काढणं हे भल्याभल्यांना रडवणारं काम, इथे फक्त चाक फिरवायचं. पण तेही हिशेबाने. चाकाचा व्यास २०० पिक्सेल असेल तर परीघ साधारण ६२८. म्हणजे चाकाचा एक फेरा पूर्ण होताना बैल ६२८ पिक्सेलच पुढे जायला हवा. कमीजास्त झालं की बैल फरशीवर घसरल्यासारखा दिसतो, आणि लहान पोरांना ते आपल्याआधी कळतं. दोन्ही हालचालींची गतीही एकसारखी, सरळ ठेवायची. एकाला सुरुवातीला हळू आणि दुसऱ्याला सरळ दिली की चाक एकीकडे आणि बैल दुसरीकडे.

आता लेयरांबद्दल, आणि इथे मी थोडी लांबण लावणार आहे.

बैल ओढणाऱ्या पोराचा हात घ्या. दंड, कोपरापासून मनगट आणि पंजा असे तीन तुकडे. दंड जिथे संपतो तिथे सरळ कापायचं नाही. दोन्ही तुकड्यांची कोपराकडची टोकं अर्धगोल काढायची आणि ती एकमेकांवर बसवायची. फिरण्याचा बिंदू बरोबर त्या गोलाच्या मध्यावर. मग हात कितीही वाकवा, फट पडत नाही. बाहेरची काळी रेष मात्र सांध्याच्या आत येऊ द्यायची नाही, नाहीतर वाकवल्यावर कोपरात काळी चंद्रकोर उमटते. दुसरं, जे दिसत नाही तेही रंगवायचं. सदऱ्याखाली झाकलेला खांदा, टोपीखालचं कपाळ, दोरीमागचा तळहात, सगळं. हात वर गेला की तिथली झाकलेली जागा उघडी पडते आणि तिथे काहीच नसतं. एका चित्रात काम भागवायची ज्याला सवय आहे (आम्ही चित्रकलेचे मास्तर सगळे त्यातलेच), त्याला हे फालतू वाटतं. चौथ्या-पाचव्या पात्रापर्यंत हात आपोआप तसा चालायला लागतो.

क्रिटात प्रत्येक अवयवाचा एक ग्रुप ठेवते: आत रेष, रंग, सावली वेगवेगळ्या लेयरवर. काम झालं की ‘एक्सपोर्ट लेयर्स’ या स्क्रिप्टने प्रत्येक ग्रुपचा एक पीएनजी (चित्राची फाईल) निघतो, पारदर्शक पार्श्वभूमीसह, आणि लेयरचं नाव हेच फाईलचं नाव होतं. म्हणून ‘लेयर ४७’ असली नावं चालत नाहीत. नावं इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता दिलेली बरी. पीएसडी (लेयर जपणारी फोटोशॉपची फाईल) करूनही नेता येतं. ओपनटून्झ ती उघडताना विचारतो की सगळं एकच चित्र हवं, फ्रेम हव्यात की लेयरचे कॉलम, म्हणजे प्रत्येक लेयरला वेगळा उभा रकाना. कॉलम निवडायचं. मी तरी पीएनजीवरच आहे, कारण नंतर एखाद्या टोपीचा रंग बदलायचा झाला तर तेवढीच फाईल बदलून पुन्हा वाचून घेता येते.

नवीन माणूस जिथे हमखास चक्रावतो ती जागा म्हणजे डीपीआय, एका इंचात किती पिक्सेल ते. ओपनटून्झचा मुळातला कॅमेरा, म्हणजे पडद्यावर दिसणारी चौकट, १६ बाय ९ इंचांचा, १२० डीपीआयचा. गुणाकार केला की १९२० बाय १०८०. तुम्ही क्रिटात छपाईच्या सवयीने ३०० डीपीआय ठेवलं असेल, तर तेवढ्याच पिक्सेलचं चित्र तिथे ६.४ इंच रुंद उतरतं. पडद्याच्या जेमतेम ४० टक्के. चित्र खराब झालेलं नसतं. क्रिटात फाईल उघडतानाच १२० लिहा, किंवा ओपनटून्झच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचा डीपीआय वापरायला सांगा, म्हणजे झालं.

तोंडाची हालचाल हा माझा आवडता भाग. ऱ्हुबार्ब नावाचं मोफत साधन आवाजाची फाईल ऐकून कुठल्या क्षणी तोंडाचा कुठला आकार हवा ते सांगतं. मूळ आकार सहा. त्याची नेहमीची पद्धत इंग्रजीपुरती आहे; मराठीला उच्चारावर चालणारा, भाषेशी संबंध नसलेला पर्याय निवडायचा. तरी मी हाताने दुरुस्त करतेच. प, ब, भ, म ला ओठ मिटलेच पाहिजेत, तिथे तडजोड नाही. ट, ठ, ण, ळ मात्र सगळे आतल्या आत, ओठांना त्यांची खबरही नसते. माझा भाचा कार्टूनमध्ये म्हणतो, ‘काऊन बे, बैलाले चाकं कोनं लावले?’ त्यातल्या ‘काऊन’ला अर्धा सेकंद, म्हणजे १२ फ्रेम: क ला दात किंचित दिसणारं तोंड दोन फ्रेम, मग सताड उघडं चार, मग ऊ चा चंबू चार, न ला पुन्हा दोन. लगेच ‘बे’साठी ओठ बंद. तोंडं आवाजाच्या एखाद-दोन फ्रेम आधी सरकवली की जास्त खरी वाटतात. आकारांच्या फाईली tond.0001.png अशा क्रमाने ठेवल्या की ओपनटून्झ त्या एकच मालिका म्हणून उचलतो. मग कॉलममध्ये फक्त आकडे भरायचे.

आवाजाचं रेकॉर्डिंग उन्हाळ्यात पहाटेच. दिवसा कूलर बंद केला तर भाचा ‘मावशी, आता पुरे’ म्हणून पळतो, आणि चालू ठेवला तर ऐकू येतो तो कूलरच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरात नुसत्या घरघरीचा तुकडा नमुना म्हणून देऊन ती कमी करता येते, पण जास्त रेटलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

तक्रारी आहेत. ओपनटून्झचा चेहरामोहरा बघून पहिल्या दिवशी घाम फुटतो. फ्रेम वरून खाली जातात, जुन्या स्टुडिओंतल्या एक्सशीटसारख्या (फ्रेमवार नोंदींचा कागदी तक्ता), आणि व्हिडिओ एडिटिंगची सवय असलेल्याला ते उलटं वाटतं. एमपी४ व्हिडिओ काढायला एफएफएमपेग नावाचं साधन वेगळं बसवून त्याचा पत्ता द्यावा लागतो. मी सरळ पीएनजींची मालिका काढते आणि केडेनलाइव्ह या व्हिडिओ एडिटरमध्ये आवाजाबरोबर जोडते. मध्येच लाइट गेली आणि लॅपटॉपची जुनी बॅटरी बसली, तरी निघालेल्या फ्रेम जागेवर असतात, पुढून सुरू करायचं.

मराठी शीर्षकं मी क्रिटात किंवा गिंप या फोटो-चित्रांच्या सॉफ्टवेअरात लिहून चित्र म्हणूनच नेते. ‘एक टाइप’ या संस्थेचे बालू आणि मुक्ता हे मोफत फॉन्ट कार्टूनला मस्त शोभतात. गिंपचा आणखी एक उपयोग: पोरांनी कागदावर काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन ‘कलर टू अल्फा’ने पांढरा कागद उडवता येतो, रेष तेवढी राहते. सिनफिग हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअरही करून पाहिलं. त्याचं व्हेक्टर (गणिती रेषांचं) चित्र टवटवीत दिसतं, पण मला ब्रशचा खरखरीतपणा हवा होता.

सध्या मारबतीचं कार्टून चालू आहे, म्हणजे नागपुरात मिरवून शेवटी जाळतात त्या पुतळ्यांचं. पिवळी मारबत, बडगे, ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. मिरवणूक तुकड्यांवर भागते, शेवटची आग मात्र तुकड्यांनी जळत नाही. ती क्रिटात फ्रेमगणिक काढतेय, सहा-आठ चित्रांचं चक्र, आणि मालिका म्हणून ओपनटून्झमध्ये वरच्या कॉलममध्ये टाकतेय. धूर अजून मनासारखा नाही.

वर्गातले पालक विचारतात, हे मोबाइलवर होईल का. क्रिटा अँड्रॉइडच्या टॅब्लेटवर चालतो. ओपनटून्झ फक्त विंडोज, मॅक आणि लिनक्सवर. तेव्हा लॅपटॉप लागेलच. जुना घेतलात तरी चालेल, रॅम तेवढी वाढवता येते का ते दुकानातच विचारून घ्या.