खालच्या कवळीला दोन इम्प्लांट: दहा महिने वापरल्यानंतर

माझी वरची कवळी नऊ वर्षांत कधी हलली नाही. छळलं ते खालच्या कवळीने. पोह्यातला शेंगदाणा तिच्याखाली गेला की डोळ्यांत पाणी यायचं, बोलताना जीभ जरा उंच गेली की ती उचलली जायची, शिंक आली की हात आधी तोंडावर. मी टेलिफोन ऑपरेटर होते, एमटीएनएलमधून निवृत्त झाले. आयुष्यभर आवाजावर पोट भरलं, आणि पार्ल्याच्या आमच्या भजनी मंडळात मात्र मागच्या रांगेत बसून नुसते ओठ हलवायची वेळ आली होती. आता खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेले टायटॅनियमचे बारीक स्क्रू, आहेत आणि त्यांवर कवळी ब्लाउजच्या टिचबटणासारखी अडकते. याला दहा महिने झाले. माझं वय ६७, मधुमेह १४ वर्षांचा. माझ्यासारखे अनेकजण सैल कवळी निमूट सोसत असतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

दोष कवळी बनवणाऱ्याचा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. वरची कवळी अख्ख्या टाळूवर बसते आणि लाळेच्या थरामुळे तिथे चिकटून राहते. खालची नुसती घोड्याच्या नालेसारखी. तिला टेकायला जागा थोडी, आणि मधे जीभ सतत हलती. शिवाय दात काढले की त्यांच्याखालचं हाड झिजत जातं, आणि ही झीज वरच्यापेक्षा खालच्या जबड्यात कितीतरी जास्त होते. मी दोनदा कवळी आतून भरून घेतली. दोन्ही वेळा वर्षभर बरं गेलं, मग पुन्हा तेच. चिकटवायची पावडर आणि पेस्टही वापरली. सकाळी लावलेली दुपारच्या जेवणापर्यंत टिकायची, आणि रात्री हिरडीवरून ती खरवडून काढणं हे वेगळंच काम होऊन बसायचं.

इम्प्लांटचं विचारायला गेले तेव्हा पहिल्या दवाखान्यात एक्स-रे पाहून पाच मिनिटांत सांगितलं, खाली-वर दोन्हीकडे पक्के दात बसवू, आजच निम्मे पैसे भरले तर सूट. मधुमेहाचं कुणी विचारलंसुद्धा नाही. मी घरी आले आणि मुलाला म्हटलं, इथे नको.

दुसऱ्या डॉक्टर प्रोस्थोडॉन्टिस्ट होत्या, म्हणजे कवळ्या आणि कॅपांच्याच तज्ज्ञ. माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी आधी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करायला सांगितली. ते ८.६ आलं. "काकू, तीन महिने थांबू. साखर अशीच राहिली तर जखम नीट भरणार नाही," एवढं सरळ बोलल्या. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल कधी गोळ्या किंवा इंजेक्शनं घेतलीत का, हेही त्यांनी खोदून विचारलं. त्यांतल्या काही औषधांमुळे जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही, हाड मरूही शकतं. गुडघ्यांसाठी, कंबरेसाठी अशी औषधं आपल्या वयाच्या बायका सर्रास घेतात आणि दातांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पक्के दात म्हणजे काय, हे त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही. चार इम्प्लांट, त्यांतले मागचे दोन तिरके, वर स्क्रूने बसवलेली पूर्ण दंतपंक्ती. ती फक्त डॉक्टरच काढू शकतात. खर्च माझ्या पर्यायाच्या कितीतरी पट. त्याखाली रोज बारीक ब्रश आणि पाण्याचा फवारा फिरवावा लागतो. माझी बोटं संधिवाताने आखडतात. हातात काढून नळाखाली धुता येते ती कवळीच मला हवी होती. तोंडातून काही काढून ठेवणं ज्याला अजिबात सहन होत नाही आणि हातही धड आहेत, त्याने पक्क्या दातांचा विचार जरूर करावा.

हाड फार अरुंद असेल तर ३ मिलिमीटरपेक्षाही बारीक मिनी इम्प्लांट असतात. मला त्यांची गरज पडली नाही. वरच्या जबड्याचं हाड जरा पोकळ असतं, तिथे काढत्या कवळीलाही सहसा चार इम्प्लांट लागतात. माझी वरची कवळी घट्टच होती, तिला हात लावू नका असं त्यांनीच सांगितलं.

दोनच पुरतील का, ही शंका मला खूप दिवस होती. मुलाने वाचून सांगितलं की २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीच म्हटलं होतं, खाली एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय समजावा. मग माझं मन स्थिर झालं.

सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा सगळ्या बाजूंनी दिसणारा एक्स-रे, झाला. ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस खालच्या जबड्याच्या हाडातून जाते. ती जिथे बाहेर येते त्याच्या पुढे, सुळ्यांच्या जागी, इम्प्लांट घालतात. दसऱ्यानंतर आठवड्याने ते घातले. हिरडी बधिर केल्यावर दुखलं असं काहीच नाही, फक्त कानात घुमणारी थरथर आणि जबड्यावरचा दाब. तासाभरात मोकळी झाले. घरी आल्यावर दोन दिवस सूज, गालावर निळसर डाग, बर्फाचा शेक. पहिले दोन आठवडे खालची कवळी अजिबात घालायची नव्हती. पेज, मऊ भात, मुगाचं वरण, पपईचा गर. चावता येत नाही याचं दुःख मला झालं नाही, लोकांसमोर जायला मात्र नको वाटायचं. त्या दिवाळीला मी कुणाकडे गेले नाही. नंतर जुनी कवळी आतून कोरून मऊ अस्तर लावून दिली, म्हणजे इम्प्लांटवर भार येणार नाही.

मग तीन महिने नुसतं थांबणं. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं, त्याला हा वेळ लागतोच. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून सगळं याच एका गुणावर उभं आहे. संक्रांतीला तिळगुळाची वडी मी हातात घेतली आणि नातवाला दिली.

जानेवारीच्या शेवटी इम्प्लांटवर लोकेटर बसले आणि नवी कवळी मिळाली. लोकेटर म्हणजे हिरडीतून जेमतेम वर दिसणारी दोन बटणं. कवळीच्या आत धातूच्या वाट्या, आणि त्यांत नायलॉनच्या टोप्या. या टोप्यांच्या रंगावर पकड ठरते: निळी साधारण ७०० ग्रॅमच्या ओढीला सुटते, गुलाबी १.३५ किलोच्या, पारदर्शक सव्वादोन किलोच्या. आधी मला पारदर्शक घातल्या. पहिल्याच रात्री मला कवळी निघेना. बोटं दुखली, रडू आलं, शेवटी सुनेने हळूच काढून दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टोप्या बदलून निळ्या घातल्या, दोन महिन्यांनी गुलाबी. हात दुखत असतील तर हे आधीच सांगा, मला वाटतं हा प्रश्न डॉक्टरांना सुचण्याआधी आपणच काढावा.

पहिल्यांदा कवळी बसताना "टिच" असा बारीक आवाज झाला, तो मी अजून रोज सकाळी ऐकते. त्या आठवड्यात घरात मोठ्याने पेपर वाचला. 'श', 'स', 'त' जागच्या जागी. भजनाला पुढे बसते आता, आणि तान घेताना लक्ष तोंडाकडे नसतं, सुराकडे असतं. ज्वारीची भाकरी, तळलेली सुरमई, उकडलेलं मक्याचं कणीस दाणे काढून, या दिवाळीत चकलीसुद्धा. सफरचंद मात्र अजून फोडी करूनच. पुढच्या दातांनी जोरात तोडायचं नाही, असं सांगितलंय.

जे जमलं नाही तेही लिहिते. ही शेवटी कवळीच आहे. मागच्या बाजूला ती हिरडीवरच टेकते, त्यामुळे जेवताना मागून किंचित उचलते. तीळ, डाळिंबाचा दाणा, वांग्याची बी अजूनही खाली जाते, आणि जेवल्यावर चूळ भरून कवळी धुवावीच लागते. पहिल्या महिन्यात डाव्या बाजूला हिरडी सोलली, दोनदा जाऊन कवळी घासून घ्यावी लागली. आठव्या महिन्यात पकड ढिली वाटायला लागली. टोप्या झिजल्या होत्या, दहा मिनिटांत बदलल्या. हा खर्च दर वर्षी धरूनच चालायचा. मागचं हाड झिजतच राहणार, म्हणून काही वर्षांनी कवळी आतून भरून घ्यावी लागेल, हेही त्यांनी आधीच सांगितलंय.

कवळी बसवताना दात आवळून दाबायची नाही, त्याने टोप्या फाटतात. दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाब द्यायचा. रात्री काढून गार पाण्यात ठेवते. टूथपेस्टने घासत नाही, चरे पडतात. मऊ ब्रश आणि हात धुवायचा पातळ साबण पुरतो. तोंडातली बटणं मात्र दोन वेळा घासायचीच. तिथे कीटण साचलं की हिरडी सुजते आणि इम्प्लांटभोवतीचं हाड जातं.

दोन इम्प्लांट, लोकेटर, स्कॅन आणि नवी खालची कवळी मिळून मला एक लाख तीस हजार लागले. विम्यातून काही मिळालं नाही. भाव विचारताना या चारही गोष्टींचा आकडा वेगवेगळा लिहून मागा, नुसत्या इम्प्लांटचा आकडा ऐकून फसायला होतं. एवढे पैसे नसतील तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारातलं सरकारी दंत महाविद्यालय इथे चौकशी करावी. तिथे फेऱ्या जास्त होतात, त्यासाठी वेळ हाताशी ठेवून जावं.

काम झाल्यावर एक कार्ड मिळतं. त्यावर इम्प्लांटची कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबरचे स्टिकर असतात. ते मागून घ्या. पुढे दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरकडे टोपी बदलायची वेळ आली तर नेमकी तीच टोपी लागते. माझं कार्ड आधारकार्डाच्या पाकिटात आहे, आणि सुनेला ते काढून दाखवून ठेवलंय.