परमँगनेट की पर्सल्फेट: क्षेत्रीय चाचणीपूर्वीची निवड

दूषित जमिनीत ऑक्सिडीकारक, म्हणजे प्रदूषकाचे ऑक्सिडीकरण करून ते मोडणारे रसायन, सोडून पाहण्याची वेळ आली की बहुधा प्रश्न परमँगनेट आणि पर्सल्फेट या दोघांपुरताच उरतो. हायड्रोजन पेरॉक्साइड मी येथे बाजूला ठेवतो, कारण ते जमिनीत काही तासांत, फार तर काही दिवसांत संपते आणि उष्णता व वायू यांच्या जोराने द्रावण भलत्याच ठिकाणी वर येऊ शकते.

प्रदूषक बेंझिन असेल, तर विचार करण्याचे कारण नाही. परमँगनेट त्याच्या वाटेला जवळजवळ जातच नाही, तेव्हा पर्सल्फेटच घ्यावे. ट्रायक्लोरोइथिलीन किंवा टेट्राक्लोरोइथिलीन यांसारखा क्लोरिनयुक्त द्रावक असेल, तर मात्र दोन्ही चालतात आणि तेथेच निवड अवघड होते.

कागदावर पर्सल्फेटचे पारडे जड दिसते. सक्रिय केल्यावर त्यातून निघणाऱ्या सल्फेट मूलकाचे (अतिशय क्रियाशील कणाचे) विभव, म्हणजे ऑक्सिडीकरणाची ताकद, सुमारे २.६ व्होल्ट, तर परमँगनेटचे १.७ च्या आसपास. शिवाय परमँगनेट प्रदूषकापर्यंत पोहोचण्याआधी मातीतील सेंद्रिय द्रव्यच त्याचा मोठा वाटा खाऊन टाकते, आणि मागे राहणारा मँगनीज डायऑक्साइड बारीक छिद्रे बुजवतो. काळ्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या मातीत ही भूक इतकी वाढते की खर्चाचा हिशेबच कोलमडतो; म्हणून प्रयोगशाळेत ती आधी तपासल्याशिवाय परमँगनेटची मागणी नोंदवू नये.

तरीही मी परमँगनेटकडे वळलो, ते एका त्रासामुळे. पर्सल्फेटचे द्रावण रंगहीन असते. ते निरीक्षण-विहिरीपर्यंत पोहोचले की नाही, हे दर वेळी रासायनिक संचाने तपासावे लागते. विद्युतवाहकतेवरून अंदाज बांधावा, तर सक्रियतेसाठी सोडलेला कॉस्टिक सोडाही ती वाढवतोच. पण खरा घात नमुन्याच्या बाटलीत होतो. आमच्या एका चाचणीत इंजेक्शननंतर काही आठवड्यांनी एका विहिरीच्या अहवालात ट्रायक्लोरोइथिलीन जवळजवळ शून्य आले आणि आम्ही निर्धास्त झालो. नंतर लक्षात आले की पाण्यात पर्सल्फेट शिल्लक होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते बाटलीतच आपले काम करत राहिले होते. पुढच्या खेपेस नमुना घेताक्षणी अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे आपले क जीवनसत्त्वच, घालून उरलेले पर्सल्फेट निकामी केले, तेव्हा ट्रायक्लोरोइथिलीन पुन्हा दिसू लागले. स्वच्छ झाली होती ती बाटली. जमीन जवळपास होती तशीच होती.

परमँगनेटही बाटलीत हेच करते, हे मान्य केले पाहिजे. मात्र जांभळा नमुना हातात घेणारा नवखा माणूसही ते निष्क्रिय करायला विसरत नाही. गढूळपणा गाळून ५२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजले की तीव्रताही जागेवरच कळते. एकदा तर आम्ही ज्या विहिरीकडे द्रावण जाईल असे मुळीच धरले नव्हते, तिच्यातूनच गुलाबी पाणी वर आले आणि वाळूचा एक पट्टा आमच्या नकाशात राहून गेल्याचे उघड झाले. पर्सल्फेट असते, तर ती विहीर तपासायचे आम्हाला सुचलेच नसते, असे मला वाटते.

इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि क्रोमियम असलेल्या मातीत तर विषारी षट्संयुजी क्रोमियम तयार होते का, यावर नजर ठेवल्याशिवाय परमँगनेट वापरू नये. एरवी क्लोरिनयुक्त इथिलीनांची पहिली चाचणी मी त्यावरच घेतो. हातावरचे तपकिरी डाग तेवढे बरेच दिवस जात नाहीत.